ऑनलाइन गृहपाठाच्या 'वेबवर्क' प्रणालीसाठी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी क्लाउड सर्व्हर-इमेज कशी बांधावी?

मीनल_गणित

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षाला गणित शिकवते. आमच्या विभागात 'वेबवर्क' ही मुक्त प्रणाली गृहपाठासाठी वापरली जाते. ज्यांना ती परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि अर्नोल्ड पायझर या गणिताच्या प्राध्यापकांनी 1990च्या दशकाच्या मध्यात ती सुरू केली. एकाच उदाहरणातील संख्या प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या मिळतात, उत्तर तिथल्या तिथे तपासले जाते, आणि चुकल्यास मुदतीच्या आत पुन्हा प्रयत्न करता येतो. शेजाऱ्याची वही उतरवून काम भागत नाही, आणि वह्यांचे गठ्ठे तपासण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ वर्गातील शंकांसाठी मोकळा होतो.

आता आमच्या परिसरातील आणखी चार महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना हीच सोय हवी आहे. त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. वेबवर्क उभे करायचे म्हणजे उबंटू ही लिनक्स कार्यप्रणाली, मारियाडीबी हा डेटाबेस, पर्ल या भाषेची ढीगभर मॉड्यूल्स, गणिती मजकूर छापणारे संपूर्ण लेटेक, आणि त्यावर हजारो उदाहरणांची 'ओपन प्रॉब्लेम लायब्ररी' इतके सगळे एकमेकांशी जुळवून बसवावे लागते. हे पाच ठिकाणी पाच वेळा करण्यापेक्षा अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेवर एकच 'एएमआय', म्हणजे सर्व्हरची तयार इमेज, बांधून प्रत्येकाला द्यावी असा माझा विचार आहे. प्रत्येकाने आपल्या खात्यातून अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात त्या इमेजवरून सर्व्हर सुरू करावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरतील तेव्हा गृहपाठ तयार असावा.

माझे प्रश्न तीन आहेत. इमेजमध्ये काय ठेवावे आणि काय कटाक्षाने ठेवू नये? पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की विद्यार्थ्यांचे गुण आणि आमचे अभ्यासक्रम न गमावता जुनी इमेज कशी बदलावी? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या शिक्षकाने कधी टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याचा पडदा) उघडलेले नाही त्याला हा सर्व्हर खरोखर चालवता येईल का?

सह्यकडा

डॉकरचा, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या साऱ्या गरजांसह 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाचा, विचार केला आहे का? वेबवर्क प्रकल्पाच्या भांडारातच डॉकरसाठी लागणाऱ्या फाइली मिळतात.

पर्लकर

मीनलताई, मी न्यू जर्सीतील एका सार्वजनिक महाविद्यालयात यंत्रणा सांभाळतो आणि वेबवर्कशी माझा रोजचा संबंध आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण बहुतेक ठिकाणी तिथेच गफलत होते.

सर्वसाधारण पद्धत अशी असते की चालता सर्व्हर चांगला वाटला की कन्सोलमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ब्राउझरमधील नियंत्रण-पानावर, जाऊन त्याचीच इमेज काढायची. बटण एकच असल्याने मोह होतो. परंतु त्या इमेजमध्ये त्या सर्व्हरचे सर्व खाजगी संचित उतरते. फ्रान्समधील युरेकॉम संस्थेच्या संशोधकांनी सुमारे 2011-12 मध्ये अ‍ॅमेझॉनवरील 5,000हून अधिक सार्वजनिक इमेजेस तपासल्या, तेव्हा त्यांत लोकांच्या खाजगी किल्ल्या, पासवर्ड आणि टर्मिनलच्या आज्ञांचा इतिहास सापडला. पुसलेल्या फाइलीसुद्धा परत मिळवता आल्या. इमेज ही डिस्कच्या ब्लॉक्सची प्रत असते. फाइल पुसली तरी तिचे ब्लॉक जागेवरच राहतात, हे इमेज बांधणाऱ्याने कधीही विसरू नये. त्यामुळे 'विद्यार्थ्यांचा डेटा पुसून मग इमेज काढू' हा मार्ग मुळातच बाद समजावा. इमेज नेहमी कोऱ्या उबंटूपासून बांधावी, आणि ज्या यंत्रावर ती बांधली जाते त्यावर एकाही विद्यार्थ्याचे नाव कधीही आलेले नसावे.

आता काय ठेवावे याची कसोटी सांगतो. जे पाचही महाविद्यालयांत अक्षरशः सारखे असणार आहे तेवढेच इमेजमध्ये असावे. वेबवर्कचा कोड, उदाहरणे चालवणारा 'पीजी' हा भाग, पर्लची मॉड्यूल्स, लेटेक, लायब्ररीच्या फाइली, वेब-सर्व्हरची मांडणी हे सर्व सारखे आहे. जे प्रत्येक यंत्राचे स्वतःचे असायला हवे ते मात्र पहिल्यांदा यंत्र सुरू होताना तिथेच निर्माण व्हावे. यात डेटाबेसचा पासवर्ड येतो. 2.18 आवृत्तीपासून वेबवर्क मोजोलिशस या पर्लच्या वेब-चौकटीवर चालते, त्याच्या वायएएमएल मांडणी-फाइलीत 'सीक्रेट्स' नावाची नोंद असते आणि तिच्यावर लॉगिन-सत्रांच्या कुकीज स्वाक्षरित होतात, तीही यातच येते. पाच महाविद्यालयांचे हे गुपित एकच राहिले, तर एकाचे फुटल्यावर पाचही उघडी पडतील. सर्व्हरवर दुरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्या, यंत्राची ओळख ठेवणारी मशीन-आयडी फाइल, वेबवरील दळणवळण कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची किल्ली, आणि बांधणाऱ्याची स्वतःची एसएसएच किल्ली यांपैकी काहीही इमेजमध्ये जाता कामा नये.

उबंटूच्या क्लाउड-इमेजमध्ये 'क्लाउड-इनिट' हे पहिल्या बूटला, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना, मांडणी करणारे साधन आधीपासून असते आणि नव्या यंत्रावर एसएसएचच्या यजमान-किल्ल्या ते स्वतःच नव्याने बनवते. बाकीच्या गोष्टींसाठी त्याच्याच मार्फत एक छोटी स्क्रिप्ट पहिल्या बूटला चालवावी.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. वेबवर्क बसवल्यावर 'अ‍ॅडमिन' नावाचा जो पहिला अभ्यासक्रम तयार होतो, त्याचे प्रवेशनाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असतो. एकट्या सर्व्हरवर माणूस लगेच जाऊन तो बदलतो. इमेजमध्ये तो तसाच राहिला तर तिच्यावरून उभा राहणारा प्रत्येक सर्व्हर जन्मापासून उघडा असेल.

मीनल_गणित

पर्लकर, मनःपूर्वक आभार. एक शंका आहे. 'अ‍ॅडमिन'चा पासवर्ड पहिल्या बूटला यादृच्छिक बनवला, तर तो शिक्षकापर्यंत पोहोचणार कसा?

पर्लकर

बाजारातील काही तयार इमेजेस तो यंत्राच्या सिस्टम-लॉगमध्ये छापतात. ईसीटूच्या कन्सोलमधून तो लॉग ब्राउझरमध्येच वाचता येतो, म्हणजे शिक्षकाला एसएसएचची गरज पडत नाही. तुमच्या बाबतीत हाच मार्ग सोयीचा ठरेल. मात्र तो पासवर्ड पहिल्या प्रवेशानंतर बदलावाच लागेल, कारण त्या खात्याचा लॉग पाहू शकणाऱ्या कोणालाही तो दिसतो. लॉग कन्सोलमध्ये दिसायला काही मिनिटे लागतात, हेही सूचनापत्रात लिहून ठेवा. नाहीतर शिक्षक रिकामा पडदा पाहून यंत्र बिघडले असे समजतील.

वऱ्हाडी_मास्तर

मी या सर्व कल्पनेच्या मुळाशीच असहमत आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. इमेज बांधली त्या दिवसापासून ती जुनी होऊ लागते. मार्चमध्ये बांधलेली इमेज ऑगस्टमध्ये सुरू केली, तर मधल्या पाच महिन्यांतील सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यात नसतील. अ‍ॅमेझॉन स्वतः सार्वजनिक एएमआयला जास्तीत जास्त दोन वर्षांनी कालबाह्य म्हणून खूण करते, यावरूनच तिचे आयुष्य किती गृहीत धरलेले आहे ते कळते. त्याऐवजी कोऱ्या उबंटूवर सर्व काही बसवणारी एक स्क्रिप्ट लिहावी आणि तीच सर्वांना द्यावी. स्क्रिप्ट वाचता येते, तपासता येते, तिच्यातील बदल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दिसतात. इमेजच्या आत काय आहे ते मात्र बांधणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.

इंद्रायणी

मास्तर, तुमचे म्हणणे निम्मे मान्य. स्क्रिप्ट हवीच. पण नुसत्या स्क्रिप्टवर भिस्त ठेवली तर ती नेमकी चालवायच्या दिवशी बाहेरच्या जगावर अवलंबून राहते. पर्लचे एखादे मॉड्यूल बदललेले असते, फाइलींच्या प्रती देणारा एखादा आरसा-सर्व्हर बंद असतो, लेटेक उतरवून घेताना महाविद्यालयाचे इंटरनेट नव्हे तर शिक्षकाचा धीर संपतो. इमेजमध्ये ही सर्व जुळणी एकदा झालेली आणि तपासलेली असते.

म्हणून दोन्ही करावे. यासाठी 'पॅकर' हे साधन आहे. 2013पासून ते प्रचारात आहे आणि नेमके याच कामासाठी बनलेले आहे. एका मजकूर-फाइलीत आपण लिहायचे की कोणत्या मूळ उबंटू इमेजपासून सुरुवात करायची, कोणत्या स्क्रिप्ट कोणत्या क्रमाने चालवायच्या, आणि शेवटी कोणत्या विभागांत इमेज ठेवायची. पॅकर स्वतः ईसीटूवर तात्पुरते यंत्र उभे करते, तात्पुरती किल्ली वापरते, स्क्रिप्ट चालवते, यंत्र बंद करून त्याची इमेज काढते आणि यंत्र मोडून टाकते. त्या यंत्राला माणसाचा हात लागत नाही, त्यामुळे पर्लकरांनी सांगितलेला 'खाजगी संचिता'चा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. दर महिन्याला तीच फाइल पुन्हा चालवली की ताज्या दुरुस्त्यांसह नवी इमेज तयार होते. 2023 साली पॅकरचा परवाना बदलला आणि ते पूर्वीच्या अर्थाने मुक्त राहिले नाही, याची नोंद घ्यावी. महाविद्यालयाच्या वापराला त्याने अडचण येत नाही.

स्क्रिप्टच्या शेवटी सफाईचा टप्पा असावा: पॅकेजचा साठा रिकामा करणे, लॉग पुसणे, क्लाउड-इनिटची 'क्लीन' आज्ञा चालवून त्याला यंत्र नवे असल्याचे वाटू देणे, आणि मशीन-आयडीची फाइल रिकामी करणे. फाइल पूर्ण काढून टाकू नये, रिकामी ठेवावी. पुढच्या बूटला ती आपोआप नव्याने भरली जाते.

वऱ्हाडी_मास्तर

पॅकरची फाइल सर्वांसाठी खुली ठेवणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. इमेजच्या नावात बांधणीची तारीख आणि वेबवर्कची आवृत्ती दोन्ही असावीत, एवढा आग्रह मात्र कायम आहे.

मांडवी

मी गोव्यात पदवी महाविद्यालयात शिकवते. क्षमस्व, पण एक मूलभूत प्रश्न विचारते. आमच्याकडे मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रणाली आधीच आहे. त्यात 'स्टॅक' नावाचा प्रश्नप्रकार जोडता येतो, जो एडिंबरा विद्यापीठातील ख्रिस सँगविन यांनी उभा केला आणि जो उत्तर तपासण्यासाठी मॅक्सिमा ही बीजगणिती प्रणाली वापरतो. मग वेबवर्कसाठी स्वतंत्र सर्व्हर आणि त्याची इमेज, हा सगळा खटाटोप कशासाठी?

मीनल_गणित

मांडवीताई, प्रश्न अगदी रास्त आहे. स्टॅक उत्तम आहे आणि विद्यार्थ्याच्या उत्तरातील चुकीच्या प्रकारानुसार वेगवेगळा अभिप्राय देण्यात ते पुढेच आहे. आम्ही वेबवर्ककडे वळलो ते लायब्ररीमुळे. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, विकल समीकरणे यांची हजारो तयार, वापरून पारखलेली उदाहरणे तिच्यात आहेत. दर आठवड्याचा गृहपाठ शून्यातून लिहिणे पंधरा-वीस तासिका घेणाऱ्या शिक्षकाला झेपत नाही.

तपासण्याची पद्धतही वेगळी आहे. समजा उत्तर 'साइन 2x' आहे आणि मुलाने 'दोन साइन x कॉस x' लिहिले. वेबवर्क सहसा बीजगणिती रूपांतर करत बसत नाही. ते x च्या काही यादृच्छिक किमती घेऊन दोन्ही सूत्रांची मूल्ये काढते आणि ती जुळली तर उत्तर बरोबर धरते. उदाहरण लिहिणाऱ्याने किमतींचा पल्ला नीट द्यायचा असतो, कारण लॉगॅरिदमच्या उदाहरणात ऋण किमती घेऊन चालणार नाही. पद्धत साधी आहे, वेगवान आहे आणि मुलांनी कोणत्याही योग्य रूपात लिहिलेले उत्तर ती स्वीकारते.

शिवाय मूडल सोडावे लागत नाही. शिकण्याच्या प्रणाली एकमेकींना जोडणाऱ्या एलटीआय मानकाच्या आधारे मूडलमधील दुव्यावरून विद्यार्थी थेट वेबवर्कमध्ये जातो आणि गुण परत मूडलमध्ये येतात.

सह्यकडा

माझ्या डॉकरच्या सूचनेवर कोणी बोलले नाही, म्हणून पुन्हा विचारतो. इमेजच्या आत डॉकर आणि डॉकरच्या आत वेबवर्क अशी रचना का नको?

पर्लकर

सह्यकडा, उशीर झाला, क्षमा असावी. चालेल, आणि जिथे डॉकर जाणणारा माणूस आहे तिथे मी स्वतः तेच सुचवेन. पण मीनलताईंच्या सहकाऱ्यांचा विचार करा. काही बिघडले तर त्यांना आधी यंत्रात, मग कंटेनरमध्ये, मग वेबवर्कच्या लॉगपर्यंत पोहोचावे लागेल. सांभाळणारा नवखा असताना मधला एक स्तर कमी असणे हाच मोठा फायदा आहे. वेबवर्क आणि त्याची कामांची रांग या दोन सिस्टमडी सेवा (लिनक्सने पार्श्वभूमीवर चालवलेले कार्यक्रम) थेट यंत्रावर असल्या, की 'सेवा पुन्हा सुरू करा' ही एकच सूचना फोनवरूनही देता येते.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. नव्या इमेजवर जाताना गुण टिकवायचे असतील, तर डेटा इमेजच्या डिस्कवर असूच नये. एक वेगळा ईबीएस खंड, म्हणजे यंत्राला जोडता-सोडवता येणारी अ‍ॅमेझॉनची डिस्क, घ्यावा आणि डेटाबेसच्या फाइली व 'कोर्सेस' ही निर्देशिका त्यावर ठेवावी. आवृत्ती बदलताना जुने यंत्र थांबवायचे, तो खंड सोडवून नव्या इमेजवरून उभ्या केलेल्या यंत्राला जोडायचा, आणि वेबवर्कच्या प्रशासन-पानावरून अभ्यासक्रमांचे डेटाबेस नव्या रचनेत उन्नत करायचे. काही बिनसले तर जुने यंत्र तसेच आहे. फक्त उन्नत करण्याआधी त्या खंडाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतलेला असावा, कारण एकदा रचना बदलली की जुना कोड ती वाचू शकेल याची खात्री देता येत नाही.

इंद्रायणी

पर्लकर, यात एक खाच आहे. उदाहरणांच्या फाइली इमेजमध्ये असल्या, तरी विषयवार शोध घेण्यासाठी लागणारी लायब्ररीची सूची डेटाबेसच्या तक्त्यांत असते. डेटाबेस वेगळ्या, कोऱ्या खंडावर गेला तर ते तक्ते रिकामे असतील. शिक्षकाला विषयांची यादीच दिसणार नाही आणि तो म्हणेल की लायब्ररी आलीच नाही.

पर्लकर

अगदी बरोबर, आणि हे लिहायला हवेच होते असे आहे. सूची नव्याने बांधणारी आज्ञा बराच वेळ घेते, म्हणून ती इमेज बांधतानाच चालवावी आणि फक्त त्या तक्त्यांचा डंप, म्हणजे एका फाइलीतील प्रत, काढून इमेजमध्ये ठेवावा. पहिल्या बूटच्या स्क्रिप्टने खंड कोरा आहे का ते पाहावे. कोरा असेल तर डेटाबेस निर्माण करून डंप भरावा. आधीचा असेल तर गुणांच्या तक्त्यांना हात न लावता केवळ लायब्ररीचे तक्ते बदलावेत. खंड कोरा आहे की नाही हे ओळखताना स्क्रिप्टने शंका असल्यास थांबावे, पुढे जाऊ नये. येथे घाईने केलेले फॉरमॅट म्हणजे संपूर्ण सत्राचे गुण गेले.

कृष्णाकाठ

भाराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. गृहपाठाचा सर्व्हर आठवडाभर जवळजवळ रिकामा असतो आणि मुदत रविवारी रात्री बाराला असेल, तर दहा ते बारा या वेळेत सर्व वसतिगृहे एकदम येऊन पडतात. ईसीटूच्या टी-3 मालिकेतील यंत्रे याच स्वरूपाच्या वापरासाठी आहेत. टी-3 मीडियमला दोन आभासी प्रोसेसर आणि 4 जीबी मेमरी मिळते. प्रत्येक प्रोसेसरचा पायाभूत वाटा 20 टक्के असतो आणि शांत वेळेत साठलेले क्रेडिट गर्दीच्या वेळी खर्च होते. टी-3 मूळतः 'अनलिमिटेड' पद्धतीत चालते, त्यामुळे क्रेडिट संपले तरी यंत्र मंदावत नाही, पण जास्तीचे पैसे लागू शकतात. ज्या महाविद्यालयाचे अंदाजपत्रक ठरलेले आहे त्याने बिलाची सूचना लावून ठेवावी.

विद्यार्थ्यांच्या विनंत्या हाताळणाऱ्या वेबवर्कच्या वर्कर-प्रक्रियांची संख्या इमेजमध्ये ठोकून बसवू नये. प्रत्येक प्रक्रिया बरीच मेमरी धरून असते. 8 जीबीच्या यंत्रासाठी ठरवलेली संख्या 2 जीबीच्या यंत्रावर तशीच गेली, तर ऐन गर्दीत मेमरी संपेल आणि लिनक्स कोणती तरी प्रक्रिया मारून टाकेल, बहुधा डेटाबेसच. पहिल्या बूटला यंत्राची मेमरी वाचून ती संख्या ठरवावी.

आणखी एक बाब फारशी लिहिली जात नाही. इमेजवरून नवे यंत्र सुरू होते तेव्हा डिस्कचे सर्व ब्लॉक लगेच उतरत नाहीत. जो ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तो त्या वेळी साठ्यातून आणला जातो. त्यामुळे नव्या सर्व्हरवर पहिल्यांदा उघडलेले प्रत्येक उदाहरण आणि पहिली पीडीएफ संथ वाटते. शिक्षक नेमके तेव्हाच प्रणाली पारखत असतो आणि नाराज होतो. पहिल्या बूटनंतर पार्श्वभूमीवर संपूर्ण डिस्क एकदा वाचून काढली की हा संथपणा जातो.

मांडवी

वेळेचा विषय निघाला म्हणून विचारते. मुदत रात्री बाराची आणि सर्व्हर अमेरिकेच्या घड्याळावर, असे तर होणार नाही ना?

पर्लकर

होईल, जर बदलले नाही तर. वेबवर्कच्या मूळ मांडणीत वेळ-क्षेत्र न्यूयॉर्कचे असते आणि ईसीटूवरील उबंटू यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते. यंत्र यूटीसीवरच राहू द्यावे. वेबवर्कच्या मांडणीत मात्र 'एशिया/कोलकाता' ही नोंद इमेजमध्येच करून ठेवावी. ही पाचही महाविद्यालयांची सामाईक गोष्ट आहे, तेव्हा ती इमेजमध्ये शोभते.

याच ओघात ईमेलचेही सांगतो. विद्यार्थी 'शिक्षकाला विचारा' हे बटण दाबतो तेव्हा वेबवर्क ईमेल पाठवते. ईसीटूवरून बाहेर जाणारे ईमेलचे पोर्ट 25 अ‍ॅमेझॉनने मूळतः अडवलेले असते. प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या मेल-सर्व्हरचा पत्ता आणि 587 हे पोर्ट भरावे लागेल. ही नोंद इमेजमध्ये कोरी असावी आणि सूचनापत्रात ठळक असावी. विद्यार्थ्याचा प्रश्न हवेत विरून जाणे हे सर्व्हर बंद पडण्याइतकेच वाईट आहे.

वऱ्हाडी_मास्तर

इमेज सार्वजनिक करणार आहात की फक्त चार महाविद्यालयांना देणार आहात? माझ्या परिचयातील एका संस्थेत चालत्या सर्व्हरची इमेज काढून शेजारच्या संस्थेला दिली गेली आणि तिकडच्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी आधीच्या वर्षाच्या मुलांची नावे व गुण दिसले. सुदैवाने त्यांनी लगेच कळवले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023चा कायदा आल्यावर अशा गोष्टींकडे 'आपसातले आहे' म्हणून पाहता येणार नाही.

इंद्रायणी

मास्तर, हे फार मोलाचे लिहिलेत. माझे मत असे की सार्वजनिक करू नये, चार खात्यांचे क्रमांक घेऊन त्यांनाच वापराची परवानगी द्यावी. एएमआय एका विभागापुरती असते, म्हणून मुंबईत बांधलेली इमेज मुंबईतच दिसेल. इमेज अ‍ॅमेझॉनच्या मूळ किल्लीने कूटबद्ध असेल, तर ती दुसऱ्या खात्याला देताच येत नाही. त्यासाठी स्वतःची किल्ली बनवावी लागते किंवा इमेज कूटबद्ध न करता देऊन घेणाऱ्याने प्रत करताना ती कूटबद्ध करावी. प्रत्येक महाविद्यालयाने इमेज आपल्या खात्यात उतरवून घ्यावी हेही आवश्यक आहे. मूळ मालकाने उद्या ती काढून टाकली तर इतरांना नवे यंत्र उभे करता येणार नाही.

परवान्याचेही पाहा. वेबवर्कचा कोड मुक्त आहेच, पण लायब्ररीतील उदाहरणे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेयनिर्देश, अव्यावसायिक, समान-वाटप' या अटींवर दिलेली आहेत. महाविद्यालयांना देण्यात काही आडकाठी नाही. एखाद्या खाजगी क्लासने शुल्क आकारून ती वापरावी, हे त्या अटींत बसणार नाही.

कृष्णाकाठ

खर्चाबद्दल एक टीप. सुट्टीत यंत्र थांबवले तरी ईबीएस खंडाचे भाडे चालू राहते. सार्वजनिक आयपीव्ही-4 पत्त्यालाही फेब्रुवारी 2024पासून तासाला 0.005 डॉलर लागतात. यंत्र थांबवून पुन्हा सुरू केले की पत्ता बदलतो, म्हणून 'इलॅस्टिक आयपी' घ्यावाच लागतो आणि थांबलेल्या काळातही त्याचे पैसे पडतात. जुनी इमेज काढून टाकली तरी तिचा स्नॅपशॉट मागे राहू शकतो, तोही तपासून काढून टाकावा.

मीनल_गणित

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या तिसऱ्या प्रश्नावर मात्र अजून कोणी बोललेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. टर्मिनल न उघडलेल्या शिक्षकाला हे जमेल का?

मांडवी

मी तशीच शिक्षिका आहे, म्हणून मीच उत्तर देते. कन्सोलमध्ये इमेज निवडणे, यंत्राचा आकार निवडणे, सुरक्षा-गटात, म्हणजे यंत्राच्या प्रवेश-नियमांत, 443 आणि 80 ही पोर्ट उघडणे, डोमेनचे नाव पत्त्याशी जोडून घेणे, हे मला चित्रांसह लिहिलेल्या सूचनापत्रावरून करता येईल असा विश्वास वाटतो. नोव्हेंबरमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व्हर थांबला तर मात्र मी एकटी काय करणार? इमेज मला सुरुवात करून देईल, पण सत्र पार पाडायला पाठीशी माणूस लागेल.

पर्लकर

मांडवीताईंशी मी पूर्ण सहमत आहे. इमेजमुळे उभारणीचे काम सुटते, सांभाळण्याचे काम सुटत नाही. तरीही इमेजमुळे एक गोष्ट शक्य होते: पाचही सर्व्हर आतून सारखे असल्याने एकच जाणकार माणूस पाचही ठिकाणी मदत करू शकतो. एका ठिकाणी सापडलेला दोष पॅकरच्या फाइलीत दुरुस्त झाला की सर्वांचा दुरुस्त होतो. पाच महाविद्यालयांनी मिळून असा एक माणूस अर्धवेळ ठेवला तरी पुरेल. रोजचा बॅकअप इमेजमध्येच बांधून द्या: रात्री डेटाबेसचा डंप निघावा, 'कोर्सेस' निर्देशिकेची प्रत व्हावी, आणि दोन्ही अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या फाइल-साठ्यात जावे. सत्र संपल्यावर शिक्षकाने वेबवर्कच्याच सोयीने अभ्यासक्रमाची संग्रह-फाइल काढून स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. ती एकच फाइल पुढच्या वर्षी कोणत्याही वेबवर्क सर्व्हरवर परत उघडता येते.

मीनल_गणित

हे पटले. अर्धवेळ माणसाचा प्रस्ताव मी पाचही विभागप्रमुखांपुढे ठेवते आणि त्याला मान्यता मिळाल्याशिवाय इमेज कोणाला देणार नाही. पॅकरची फाइल गिटवर खुली ठेवीन. इंद्रायणीताई आणि पर्लकर यांनी पहिल्या बूटची स्क्रिप्ट डोळ्यांखालून घालावी ही विनंती.

एक शेवटची शंका. आम्ही काही उदाहरणांचे शब्दांकन मराठीत केले आहे. पडद्यावर ते व्यवस्थित दिसते, पण छापील प्रतीच्या पीडीएफमध्ये देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन येतात. यासाठी इमेजमध्ये काय घालावे?

इंद्रायणी

डेटाबेसचा वर्णसंच 'यूटीएफ8एमबी4' असल्याची आधी खात्री करावी. पडद्यावर मजकूर नीट दिसतो आहे, तेव्हा तिथे अडचण नसावी. पीडीएफ झीलेटेक या लेटेकच्या प्रकाराने बनत असेल, तर दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे इमेजमध्ये लोहित किंवा नोटो यांपैकी एखादा देवनागरी फाँट, कारण उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत तो मुळात नसतो. दुसरी म्हणजे छापील प्रतीच्या थीममध्ये तो फाँट 'देवनागरी' ही लिपी सांगून निवडणे. लिपी सांगितली नाही तर चौकोन जातील, पण जोडाक्षरे फुटतील आणि 'क्षेत्रफळ' या शब्दात 'क्ष' हलन्त होऊन सुटा पडेल. थीमची ती फाइल मी आज रात्री तुमच्या भांडारासाठी पाठवते. आधी 'क्षेत्रफळ', 'त्रिज्या' आणि 'विकलज' हे तीन शब्द छापून पाहा.

मीनल_गणित

फाइल मिळाली की बांधणी पुन्हा चालवते आणि छापील पान येथेच लावते.